जोडीची रजा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'जोडीची रजा' असे लिहून पाठविले. दुसऱ्याच दिवशी चिटणिसांचा फोन आला. म्हणाले, "भाऊ, लिहिण्यात काही चुकले का? आजारपणाची रजा म्हणायचे होते का?" आम्ही म्हटले, चुकले नाही. नवरा-बायकोने दोन दिवस कामधंदा सोडून कोठेतरी जावे, निवांत बसावे, बरे काही खावे आणि परत यावे, एवढाच विषय. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "लोक हसतील हो." हसा. आम्हीही पुष्कळ वर्षे हसलो आहोत, आणि त्या हसण्याचीच कबुली द्यावयास आज आलो आहोत.

आम्ही शाळा सातवीत सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याच्या जुन्या पुस्तकांतून आणि वाचनालयातून. तीस वर्षे 'आम्ही कामगार' म्हणत आल्यामुळे आता 'मी' हा शब्द तोंडात बसत नाही. शिवाय आजच्या गोष्टीत आम्ही खरोखरच दोघे आहोत, तेव्हा 'आम्ही' म्हटलेले चालवून घ्यावे.

सुटी ही कोणी मेहेरबान होऊन दिलेली वस्तू नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. त्यांनी १८८४ साली कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या किती साध्या! रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, काम सूर्यास्ताला थांबावे, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असे लोखंडे मांडीत असे सांगतात. १८९० च्या एप्रिलात दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. पुढे १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटी आली. आज आपण रविवारी अंथरुणात अर्धा तास जास्त लोळतो, त्याला इतका इतिहास आहे.

भरपगारी वार्षिक रजा आणखी उशिरा आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ साली कायदा दुरुस्त झाला. बारा महिने नोकरी झालेल्या कारखाना-कामगाराला त्याने दहा दिवसांची भरपगारी रजा दिली, आणि तीही सलग. हेच बाबासाहेब १९३७ साली एका खटल्यासाठी धुळ्याला आले असता आपल्या लळिंगच्या बंगल्यात उतरले होते. लळिंगला आपली तरुण मंडळी किल्ला पाहावयास जातात, त्यांनी तो बंगलाही पाहावा. असो. नंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. वर्षात २४० दिवस काम केले की दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा, आणि ती वर्षातून तीन वेळांपर्यंत तोडून घेता येई. २०२० च्या संहितेने २४० ची अट १८० दिवसांवर आणली. तीनदा तोडून घेण्याची ती तरतूद आम्हांस फार आवडे. कायदा करणाऱ्याने मनात म्हटले असेल, एकदा लग्नकार्यासाठी, एकदा शेतीसाठी, आणि एकदा माणसाने नुसते जावे.

'एकदा नुसते जाण्या'ची ती रजा गेली कोठे, हे आम्ही सांगू शकतो, कारण ती घालविण्यात आमचाही हात आहे. शिल्लक रजा तीस दिवसांपर्यंत पुढे साठविता येई. करारात आम्ही मागून घेतले की साठलेल्या रजेचे पैसे मिळावेत. मिळाले. सभासदांनी हार घातले. त्यानंतर रजा ही घेण्याची वस्तू न राहता मोजण्याची वस्तू झाली. पत्रे बदलायचे आहेत, मुलीची फी भरायची आहे, मोटारसायकलचा हप्ता आहे, तर घे रजेचे पैसे. गरज खरी होती, त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. पण गरज पैशांत बसली आणि माणूस तिच्याबाहेर राहिला.

आमचा एक सभासद होता. नाव सांगत नाही. नरडाण्याकडे कारखान्यात कामाला होता, काम चोख, वर्षाकाठी एक खाडा नाही. त्याची बायको त्याला दरवर्षी म्हणे, मुडावदला कपिलेश्वराला एकदा जोडीने जाऊन येऊ. मुडावद येथून किती लांब? बेटावदच्या पलीकडे, पांझरा तापीला मिळते तेथे. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी. तो म्हणे, पुढच्या वर्षी. पाच वर्षे त्याने रजेचे पैसे घेतले, आणि त्या अर्जांवर शिफारशीची सही आमची आहे. २०१६ च्या दिवाळीनंतर बाई तापाने चार दिवसांत गेली. अस्थी घेऊन तो मुडावदच्या संगमावर गेला. आम्ही बरोबर होतो. पाण्यात उभा राहून तो कोणाशी काही बोलला नाही. परत फिरताना आम्हांला एवढेच म्हणाला, "भाऊ, गाव तर जवळच शे."

त्या रात्री आम्ही घरी आलो, तेव्हा आमची मंडळी चुलीपुढे बसून राहिलेली भाकर खात होती. आम्ही हिशेब केला. लग्नाला तेवीस वर्षे झाली होती. मोर्चे, संप, अधिवेशने यांसाठी आम्ही मुंबई पाहिली, नागपूर पाहिले, दिल्लीसुद्धा दोनदा पाहिली. ती आमच्याबरोबर कोठे आली होती? दोन लग्ने, एक बारसे आणि तीन मयती.

आता कोणी म्हणेल, आपल्या चालीरीतींत बाईला सुटी नव्हती काय? होती, आणि आम्ही खानदेशी लोकांनी ती मोठ्या प्रेमाने राखली. चार दिवसांवर आखाजी आली आहे. आखाजीला लेक माहेरी येते, लिंबाला झोका बांधते, गाणी म्हणते, सासूचा धाक नाही, पाण्याचा हंडा नाही. सालदाराचे सालही आखाजीलाच फिरते, म्हणून शेतावर राबणाऱ्यालाही त्या वेळी श्वास मिळे. सुंदर रीत आहे. पण पाहा, बाईची सुटी माहेरात आणि नवरा सासरच्या गावात. दुसरीकडे सारंगखेड्याची यात्रा. पुरुष घोडे पाहायला जाणार, तमाशाला बसणार, आणि बायकोने घरी गुरे बांधायची. तिसरी भरीत पार्टी. हिवाळ्यात शेतात पराट्यांच्या जाळावर हिरवी-पांढरी वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसूण घालून ठेचायची, कांद्याची पात, भुईमुगाचे दाणे, आणि बरोबर कळण्याची भाकर नाही तर पुऱ्या. हे सगळे पुरुष स्वतः करतात आणि उत्तम करतात. घरात पाण्याचा तांब्या हाताने न घेणारा गृहस्थ शेतात चाळीस माणसांचे भरीत ठेचतो! फक्त ज्या बाईने त्याला आयुष्यभर रांधून घातले, तिला तेथे बोलावणे नसते. आणि जोडीने जायचे म्हटले तर देवाला. तेथे जोडी लागते, कारण पूजेला लागते. पूजा झाली की तीन दगडांची चूल मांडून पुरण शिजविणार कोण, हे आपणांस ठाऊक आहे.

नवरा-बायको जोडीने, रात्रंदिवस एकत्र असतात असा एक धंदा मात्र आपल्या महाराष्ट्रात आहे. तो ऊसतोडीचा. तेथे जोडप्याला 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, दोघे मिळून एक मजूर. आपल्या धुळे-नंदुरबारकडची कुटुंबे गुजरातेत जातात, चाळीसगावकडची घाटावर जातात. उचल जोडीवर मिळते आणि दोघांपैकी एक जरी आजारी पडला तरी खाडा जोडीवर पडतो, म्हणजे पैसे कापले जातात. धंद्याने जोडपे ओळखले ते एवढ्यापुरतेच. आम्ही एका टोळीच्या कोप्यांवर सभा घ्यायला गेलो होतो. एका तरुण पोराला सहज विचारले, लग्नाला किती दिवस झाले? म्हणाला, तीन हंगाम. दिवस, महिने त्याच्या तोंडी आले नाहीत.

आपल्या सोनगीरचेच घ्या. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर या गावाचे नाव झाले. पुढे स्टील आले, प्लॅस्टिक आले, ठोके कमी झाले. पण ज्यांच्या घरात अजून हातोडी चालते त्यांना विचारा. लग्नसराईत मागणी असते म्हणून तेव्हा सुटी नाही, आणि बाकीच्या वेळी मागणी नसते म्हणून सुटीला पैसा नाही. दुकानांतल्या नोकरांची तीच कथा. २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याने रजा दिली, पण दहापेक्षा कमी नोकर असलेली दुकाने त्याच्या रजेच्या कलमांबाहेर राहिली. बाजारपेठेत दहा नोकरांची दुकाने किती, ते आपण मोजा.

आमच्या गोष्टीकडे येतो. त्याच २०१६ च्या डिसेंबरात आम्ही मंडळीला म्हटले, रविवारी मुडावदला जाऊ. ती म्हणाली, "कोणाचे काही झाले का?" आम्ही म्हटले, कोणाचे काही नाही. मग तिने विचारले, "किती माणसांचा स्वयंपाक करू?" आम्ही सांगितले, स्वयंपाक करायचा नाही, भरीत आम्ही करणार. त्या दिवशी ती हसली ते आम्हांस अजून दिसते. तिचा विश्वास नव्हता. तिने गुपचूप पुऱ्या करून डब्यात घातल्याच.

नोटाबंदीचे दिवस, खिशात फारशी रोकड नव्हती. वांगी घरची, पराट्या एका शेतकऱ्याने दिल्या. संगमाच्या काठी देवळाकडे पाठ करून आम्ही जाळ केला. हिवाळ्याचे ऊन, तापीचे पाणी निवळलेले. आम्ही वांगी भाजत होतो आणि ती शेजारी बसली होती. पाच मिनिटे बसली. मग तिने लसूण सोलायला घेतला, आम्ही तो काढून घेतला. तिने मिरच्यांची देठे काढायला घेतली, आम्ही तीही काढून घेतली. तेव्हा तिला हात कोठे ठेवावेत ते कळेना. पदराचा काठ धरून ती बोटांनी चुरगाळीत राहिली. आम्ही आयुष्यभर बेकारी पाहिली आहे, कारखाना बंद पडल्यावर फाटकाबाहेर बसलेले पुरुष असेच आपल्या हातांकडे पाहतात. पण ते काम गेल्याचे दुःख होते. येथे तासाभराची सुटी मिळाली होती आणि ती घ्यावी कशी, हे तिला कोणी शिकवले नव्हते. आम्हांसही कोठे ठाऊक होते? आम्ही जाळाकडे पाहून बोनसच्या वाटाघाटी सांगू लागलो. तिने ऐकल्या.

परतताना अंधार पडला. महामार्गावर एका ओळखीच्या ढाब्यावर उतरलो, पैसे मागाहून देण्याच्या बोलीवर. 'फॅमिली रूम' अशी पाटी आणि आत पडदा. शेवभाजी मागविली, लालभडक तर्री, वर जाड शेव. पोऱ्याने तव्यावरची भाकर आणून तिच्या ताटात टाकली. तिने ती उचलून आमच्या ताटात ठेवली. पोऱ्याने दुसरी आणली, तीही तिने आमच्या ताटात ठेवली. आम्ही म्हटले, अगं, तुझी तू खा, तो आणतोच आहे. तिने तुकडा मोडला, वाफ निघाली, आणि म्हणाली, "भाकर इतकी गरम असते का?" तेवीस वर्षे तिने आम्हांस तव्यावरून ताटात भाकर वाढली होती. सगळे उठल्यावर ती बसे, तोवर तिची निवलेली असे. बंधूंनो, आम्ही आठ तासांच्या कामासाठी लढलो, जादा कामाचे दुप्पट वेतन मिळविले, कँटीनमध्ये गरम जेवण मिळावे म्हणून एकदा नऊ दिवस फाटकावर बसलो. त्या नऊ दिवसांत आमचा डबा घेऊन रोज कोण येत होते?

पुढे सरकारी पाहणीचे आकडे आम्ही वाचले. २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालविते. जो पुरुष घरकामाला हात लावतो त्याची ९७ मिनिटे, आणि मुळात हात लावणारेच थोडे. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि त्यात रविवार वजा नाही. उलट रविवारी सगळे घरी, म्हणून घाणे जास्त. लोखंड्यांनी आणलेला रविवार आम्ही उंबरठ्याबाहेरच ठेवून घेतला.

दुनियेत इतरांनी काय केले, तेही थोडे सांगतो. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडून संप केले, आणि जूनमध्ये तेथे दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा झाला. लेओ लाग्रांज नावाचा एक तरुण मंत्री होता. त्याने ओळखले की रजा दिली आणि रेल्वेचे भाडे परवडले नाही तर कामगार घरीच बसेल. म्हणून त्याने रजेच्या तिकिटावर ४० टक्के सवलत आणली. लाखो लोकांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. कित्येक जोडपी दोन आसनांच्या एकाच सायकलवर, पुढे एक मागे एक बसून निघाली. आम्ही ती छायाचित्रे पाहिली आहेत. दोघेही पायडल मारतात, हे आम्हांस त्यात विशेष वाटले. आपल्या घटनेच्या ४३ व्या कलमातही कामगाराला फुरसत मिळावी, ती त्याला नीट भोगता यावी, हे राज्याचे धोरण म्हणून लिहिले आहे. घटनेत फुरसत आहे, हे आम्ही सभेत सांगतो तेव्हा लोकांना खरे वाटत नाही.

आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. त्यावर पुष्कळ राजकारण झाले, ते बाजूला ठेवू. आमच्या लक्षात आले की आता जोडप्याचे भाडे दीड तिकीट. त्याच पावसाळ्यात आम्ही दोन दिवसांची रजा काढून तोरणमाळला गेलो. चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेड्याचा पूल, शहादा, आणि मग सातपुड्याचा घाट. अकराशे मीटरांहून उंच जागा, हवा गार. मुक्कामाच्या घरी मक्याची भाकर आणि उडदाची डाळ मिळाली. पहिली संध्याकाळ आम्ही दोघे नुसते गप्प होतो. घरात बोलणे होते ते दूध, किराणा, पोरांचे नोकरीधंदे यांवर. ते येथे नव्हते, मग बोलणार काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंत तलावाच्या काठी बसलो. धुके दाट होते, नऊच्या सुमारास उठले, पलीकडचा काठ, झाडे, गुरे स्वच्छ दिसू लागली. आम्ही म्हटले, ती गुरे पाहा. मंडळी म्हणाली, "धुके उठू द्या, मग दिसतील." आम्ही तिच्याकडे पाहिले. विचारले, केव्हापासून? म्हणाली, वर्ष झाले असेल. सुई ओवायला शेजारच्या पोरीला बोलावते. सांगितले का नाहीस? तर म्हणाली, "तुम्ही बसता कधी?"

मोतीबिंदू होता. धुळ्याला शस्त्रक्रिया झाली, आता चांगले दिसते. शेकडो कामगारांच्या दवाखान्याची कागदपत्रे आमच्या कपाटात तारीखवार लावलेली आहेत. कोणाचा रक्तदाब किती, कोणाचे पाठदुखीचे प्रकरण कोठवर आले, ते आम्ही झोपेतून उठून सांगू. आणि आमच्या ताटासमोर रोज बसणाऱ्या माणसाला वर्षभर दिसत नव्हते.

त्यानंतर आम्ही मागणीपत्रात एक कलम घातले. नवरा-बायको दोघेही या भागातल्या कारखान्यांत कामाला असतील, तर महिन्यातून निदान एक साप्ताहिक सुटी दोघांना एकाच वारी मिळावी. आमच्या एका सभासदाची सुटी रविवारी, बायकोची शुक्रवारी. दोघांच्या पाळ्याही वेगळ्या, एकाच घरात राहून चिठ्ठ्या लिहून ठेवीत. मालकपक्ष हसला, ते अपेक्षितच होते. पण आमची सभासद मंडळी जास्त हसली. एक जण म्हणाला, "भाऊ, त्यापेक्षा शंभर रुपये वाढवून मागा." दुसरा म्हणाला, "बायकोबरोबर दिवसभर काय करायचे?" सभेत हशा पिकला. मागे चार-पाच कामगार बायका उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही ते कलम मागे घेतले. दुसऱ्या वर्षी त्या बायकाच ते पुन्हा घेऊन आल्या, आणि या खेपेस त्यांनी त्यावर सह्या गोळा केल्या होत्या. दोन कारखान्यांनी ते मान्य केले, बाकीच्यांशी बोलणे चालू आहे. रजेचे पैसे घेण्याच्या कलमातही आम्ही सुचविले आहे की निदान चार दिवस विकता येऊ नयेत. त्यावर आमचे सभासद आमच्यावर अजून रागावलेले आहेत, आणि त्यांपैकी काही जण समोर बसलेलेही दिसत आहेत. त्यांनी सभेनंतर भांडावे, आम्ही थांबणार आहोत.

आमची मंडळी तिसऱ्या रांगेत आहे. येताना तिने बजावले होते की भाषणात मुडावदची गोष्ट सांगणार असाल तर पुरी सांगा, त्या भरितात मीठ फार झाले होते. ते खरे आहे. दोघांनीही पुऱ्यांना लावून कसेबसे संपविले. आखाजीला ती माहेरी चालली आहे, चार दिवस, एकटीच. आम्हांस बोलावणे नाही. भाकरी आमच्या आम्हीच थापायच्या आहेत, आणि त्या अजून गोल होत नाहीत.